सोमवारचं दुधाळ रक्त

सविता राठोडने माझ्या लॅबच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे पाटी लावली, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखत होतं. हे दुखणं कुठल्याही तपासणीत सापडणारं नव्हतं. रक्त तपासण्यात माझा जन्म गेला. कावीळ, पंडुरोग, मलेरिया, साखर सगळं शोधून दिलं, पण हेवा कुठल्या रिपोर्टात येत नाही हे माझं नशीब. आला असता तर तालुक्यात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, कामाबद्दल लिहा, आठवणी लिहा. लोक अशा वेळी आपण किती जीव वाचवले ते लिहितात. माझ्याकडेही तशा दोनचार गोष्टी आहेत आणि त्या मी लग्नकार्यात सांगून सांगून गुळगुळीत केल्या आहेत. ही त्यांतली नाही. ही मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगायची तर सविताला मोठं म्हणावं लागतं.

आधी आमचं काम काय ते सांगतो. नस शोधायची, सुई घालायची, नळीत रक्त घ्यायचं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गंमत त्यानंतर असते. नळी अर्धा तास उभी ठेवली की रक्त गोठतं. मग ती गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालायची. बाहेर काढली की लाल सगळं खाली बसलेलं आणि वर पाणी सुटलेलं. त्या पाण्याला सीरम म्हणतात आणि बहुतेक तपासण्या त्याच्यावरच होतात. धडधाकट माणसाचं सीरम फिकट पिवळं असतं. कावीळ झालेल्याचं हळदीच्या पाण्यासारखं. आणि कधीकधी नळी बाहेर काढावी तर वर दूध! चक्क पांढरं, गढूळ, पलीकडचं बोट दिसू नये असं. ती रक्तातली चरबी.

अशा नळीचा मला भयंकर राग यायचा. दुधाळ सीरममुळे मशीनचे आकडे चुकतात, सगळं पुन्हा करावं लागतं, आणि डॉक्टर विचारतात, "दिगंबरराव, पेशंट उपाशी होता ना?"

इथेच खरी गोम होती. आम्ही पेशंटला सांगायचो, "उद्या सकाळी उपाशी या." आमच्या भागात उपाशी या शब्दाला फार मान आहे. लोक विचार करायचे, उपाशी जायचंच आहे तर सोमवारी जावं, एकादशीला जावं, एका दगडात दोन कामं होतील. म्हणून सोमवारी माझ्या बाकावर जागा मिळायची नाही. आणि उपासाला चालतं ते खाल्लं तर उपास मोडत नाही, हे तर लहान लेकरालाही ठाऊक. साबुदाण्याची खिचडी, तुपात परतलेली भगर, शेंगदाण्याचा लाडू, वर केळं. हे सगळं हाणून माणूस छातीवर हात ठेवून सांगायचा, "एकदम उपाशी हाय बगा." तो खोटं बोलत नव्हता. आमच्या दोघांचा शब्द एक होता, अर्थ दोन होते.

पुसेगावचे शेषराव टेलर यात पहिल्या नंबरचे. पहिल्यांदा आले तेव्हा नळी अशी पांढरी की मी त्यांना म्हटलं, "शेषराव, याचा चहा होईल." ते म्हणाले, "न्हाई हो, थोडा उपासाचा चिवडा व्हता. तेल्कट न्हवता." बाक हसला, मीही हसलो. सहा महिन्यांनी आले, पुन्हा पांढरं. तेव्हा ते म्हणाले, "आज काईच न्हाई खाल्लं, आयच्यान." मी डोळा मारून म्हटलं, "चिवडा तेलकट नव्हता ना?" बाक पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तसंच झालं. चौथ्यांदा ते माझ्याकडे आलेच नाहीत.

या सोमवारच्या कटकटीला कंटाळून मी एक रबरी शिक्का करून घेतला. "नमुना उपाशी पोटीचा नाही. पुन्हा द्यावा." नळी दुधाळ दिसली की रिपोर्टावर ठप्प. नळी बेसिनमध्ये रिकामी. मला त्या शिक्क्याचा अभिमान होता. असा शिक्का हिंगोलीतल्या मोठ्या लॅबमध्येसुद्धा नव्हता.

आणि मग गुढीपाडव्याला समोर ती पाटी लागली.

सविता तांड्यावरची पोरगी. हिंगोलीत बरीच वर्षं नोकरी करून आली होती. तिशी-पस्तिशीची, बोलायला हसरी. तांड्यावरच्या बायांशी त्यांच्या बोलीत बोलायची, मुसलमान मोहल्ल्यातल्या बायांशी दखनीत, आणि आमच्या लोकांशी आमच्यासारखं. माझ्याशीही "काका, नमस्कार" म्हणून रोज बोलायची, त्यामुळे भांडायलाही काही निमित्त मिळेना. तिचा हात इतका हलका की एका टोचणीत नस लागायची. माझ्याकडे ज्या पेशंटला मी "नसच नाही तुम्हाला" म्हणून दोन्ही हात टोचायचो, तोच पेशंट रस्ता ओलांडून जायचा आणि दंडावरचा कापूस दाबत हसत बाहेर यायचा.

मी माझ्या खुर्चीतून तिच्या दाराबाहेरच्या चपला मोजायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण मोजायचो. सकाळी दहाला चौदा जोड, अकराला नऊ. माझ्या दारात माझीच चप्पल. बायकोला मी सांगितलं, नवं आहे म्हणून लोक बघायला जातात. मशीन मोठं आहे, कर्जाचं असेल, टिकायची नाही. असं मनातल्या मनात मी तिचं दुकान रोज एकदा बंद करायचो. संध्याकाळी ती कुलूप लावताना "येते काका" म्हणायची आणि सकाळी पुन्हा चपला.

त्याच वर्षीच्या श्रावणात माझी थोरली बहीण, आक्का, साखरा गावाहून आली. आई लवकर गेली, मला आक्कानेच वाढवलं. माझं शिक्षण व्हावं म्हणून तिचं चौथीतच थांबलं. अंगाने काडी, दिवसभर शेतात, आयुष्यात कधी दवाखाना माहीत नाही. पण अलीकडे थकवा यायचा, पायाला मुंग्या यायच्या, म्हणून डॉक्टरांनी साखर आणि चरबी तपासायला सांगितलेली. सोमवार होता. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाली होती आणि वाटेत रक्त देऊन जाऊ म्हणून उतरली.

तेव्हा समोर सतरा जोड चपला होत्या. माझं डोकं आधीच फिरलेलं. आक्काचं रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं, बाहेर काढलं. दूध.

"आक्का, सकाळी काय खाल्लंस?"

"काईच न्हाई. सोमवार हाय ना."

"सोमवार आहे म्हणूनच विचारतो. खिचडी खाल्लीस का भगर?"

"न्हाई रे दिगू. पाणी बी न्हाई. माजा निरंकार हाय."

बाकावर तीनचार माणसं होती. त्यांच्यातलं कोणीतरी हसलं. चार माणसं तरी माझ्याकडे आहेत आणि ती माझं ऐकत आहेत, याने मला चेव आला. मी नळी उंच धरली. "हे बघ. तुझ्या तोंडापेक्षा ही नळी खरं बोलते. इतकं दूध रिकाम्या पोटी येत नाही. काहीतरी खाल्लंयस आणि विसरलीस." आणि शिक्का उचलून ठप्प केलं.

आक्का त्या नळीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू म्हणतूस तर बराबर असंल." कागदाची घडी केली, पदराला बांधली आणि चहा न घेता गेली. मला वाटलं, टोमणा मारला. मोठ्या बहिणी मारतातच.

राखी पौर्णिमेला ती आली नाही. राखी कुणाच्या तरी हाती पाठवली. भाऊबिजेला मी गेलो नाही. दुकानात गर्दी आहे असा निरोप दिला. गर्दी होती, पण समोर. म्हटलं, राग धरून बसली असेल तर बसू दे, मी काय चुकीचं बोललो?

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सकाळी मी नेहमीप्रमाणे चपला मोजत होतो. सविताच्या दारातून एक बाई बाहेर आली, दंडावर कापूस दाबलेला. आक्का! माझी सख्खी बहीण, मी इथे समोर बसलेलो असताना, तिच्याकडे रक्त देऊन आली होती. तिने माझ्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून स्टँडकडे निघून गेली. सविता दारापर्यंत आली होती आणि तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगत होती.

मला जे झालं त्याला हेवा म्हणणं म्हणजे सौम्य झालं. गिऱ्हाईक गेलं, नाव गेलं, ते मी कसंबसं गिळलं होतं. आता बहीणही गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो रस्ता ओलांडला.

"माझ्या बहिणीचा रिपोर्ट दाखव," मी म्हणालो. नमस्कार वगैरे काही नाही.

"काका, न्हाई दाखवता येत. आक्काला इचारा, त्या सांगतील."

"मी तिचा सख्खा भाऊ आहे."

"म्हणून तर तिलाच इचारा म्हणते."

माझं मशीन जुनं असलं तरी मी तिच्या आधीपासून या धंद्यात आहे, हे तिला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "दाखवायचं काय आहे त्यात? दुधाळ आलं असेल. ती खाऊन येते आणि उपास सांगते."

सविताने हातातलं काम ठेवलं. "तुमी साय बगितली व्हती का, काका?"

"कसली साय?"

तिने फ्रिज उघडला. आत एका स्टँडमध्ये पाचसहा नळ्या होत्या. नावं नाहीत, नुसते नंबर. एक नळी तिने माझ्या हातात दिली. वर पांढरीशुभ्र साय जमलेली आणि खालचं सीरम बऱ्यापैकी स्वच्छ. "हे खाऊन आलेलं माणूस. रातभर थंडीत ठेवलं की खाल्लेली चरबी वर येती." मग दुसरी नळी दिली. तिच्यावर साय नव्हती. वरपासून खालपर्यंत सारखंच गढूळ. "हे उपाशी व्हतं. ही चरबी पोटातली न्हाई, अंगातली हाय."

मला शिकवलं होतं हे. नांदेडला कोर्स करताना मास्तरांनी करूनही दाखवलं होतं. माझ्याकडेही फ्रिज होता. त्याला ना मोठं मशीन लागत होतं, ना कर्ज. लागत होती एक रात्र आणि समोरच्या माणसाचं खरं असू शकतं एवढी शंका. माझ्याकडे शिक्का होता.

"आणि उपाशी का म्हणून इचारत बी न्हाई मी," ती म्हणाली. "काल सांजच्यापासून तोंड हालवलं का, असं इचारते. मग चिवडा बी सांगत्यात, सुपारी बी सांगत्यात."

इतक्या वर्षांत मला तो प्रश्न सुचला नव्हता. उभ्या जागी माझा जळफळाट झाला. एखादी गोष्ट अवघड असती तर आपल्याला जमली नाही म्हणता आलं असतं.

मग तिने जे सांगितलं ते साध्या शब्दांत असं. आपण जेवत नाही तेव्हा शरीर साठवलेली चरबी मोडतं आणि तिचे बारीक तुकडे, ज्यांना डॉक्टर फॅटी ॲसिड म्हणतात, ते रक्तात सोडतं. ती उपाशीपणाची शिदोरी असते. इन्सुलिन वेळेवर त्याला पुरे म्हणतं. पण काहींच्या शरीरात त्या हाकेकडे लक्ष जाईनासं होतं. तुकडे येतच राहतात, लिव्हर त्यांची पुन्हा चरबी बांधून रक्तात पाठवतं, आणि नळी दुधाळ होते. तीच चरबी मग मांसात, लिव्हरमध्ये जाऊन बसते, आणि साखर आत घ्यायला इन्सुलिनने कितीही कडी वाजवली तरी दार उघडत नाही. अशा माणसाची साखर त्या दिवशी ठीकही असते. म्हणून सगळे बिनधास्त राहतात. सगळ्यांनाच पुढे मधुमेह होतो असं नाही, पण धोका मोठा. आणि माणूस बारीक आहे म्हणून सुटतो असंही नाही. सविता अशांच्या रिपोर्टवर साय नाही, उपाशी नमुना, असं स्पष्ट लिहायची, डॉक्टरांना फोन करायची आणि पेशंटला अधूनमधून आठवणीने बोलवायची.

"हिंगोलीत असताना बगितलं ना काका. आज दुधाळ नळी, साखर बराबर. दोनचार वर्सांनी तेच माणूस साखर घेऊन येऊन राहिलं."

मला शेषराव टेलर आठवले. ते चौथ्यांदा माझ्याकडे का आले नाहीत हे मला नंतर कळलं होतं. पायाला जखम झाली, भरेना, दुसरीकडे तपासलं तर साखर कुठल्या कुठे गेलेली. अंगठा काढावा लागला. शिलाई मशीनचं पायडल ते आता डाव्या पायाने मारतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ते खरोखर उपाशी असतील का? ते मला कधीच कळणार नाही, कारण त्या नळ्या मी बेसिनमध्ये ओतल्या आणि वर विनोद केला. अशा किती ओतल्या ते आठवत नाही. या धंद्यात मला खरी खंत वाटते ती एवढीच, पण ती एवढीशी नाही.

आक्काचं आधी सांगून टाकतो, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. तिची साखर तेव्हा अगदी काठावर होती. आज काही वर्षं झाली, काठ ओलांडलेला नाही. गुळाचा चहा सुटला, रात्रीचा भात निम्म्यावर आला, गोळी सुरू आहे, आणि सविताच्या बोलावण्याला ती चुकत नाही. मी माझी लॅब नंतर बंद केली. सविताचं झकास चाललं आहे आणि अजूनही कोणी माझ्यासमोर तिची स्तुती केली की मी विषय बदलतो.

तर सविताकडून निघालो तो दुसऱ्या दिवशी साखऱ्याला गेलो. आक्का अंगणात तूर पाखडत होती. मला बघून उठायला लागली, मी बस म्हटलं आणि समोर बसलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"माझ्यावर इतकी चिडलीस, की समोर गेलीस?"

"चिडू काहून?" ती खरंच गोंधळली. "लाज वाटली रे मला."

"लाज कसली?"

"तू कागदावर शिक्का मारलास ना. सुनंकडून वाचून घेतला घरी. म्हणलं, दिगू शिकलेला माणूस, त्याची मशीन हाय, ते काहून खोटं सांगतील? माज्याच हातून कायतरी झालं असंल. दोन दिस आठवत बसले. दूध तापवताना बोट चाटलं का, सुनंनं भाजी चाखाय दिली का. आठवंना. त्या दिशी औंढ्याला बी न्हाई गेले. मोडल्या उपासानं देवापुडं कसं जावं? तुज्या स्टँडावरूनच माघारी फिरले."

मी सुपाबाहेर पडलेले तुरीचे दाणे वेचून आत टाकले.

"सोळा सोमवार धरले व्हते. त्यो चौदावा व्हता. मोडला की पयल्यापासून धराय लागतंय."

"मग?"

"मग धरले. सोळा."

"निरंकार?"

"व्हय. सांजच्या पूजेपस्तोर. चक्कर येऊन राहिली, पण पुरे केले. मग तब्येत दाखवावी म्हणलं तर तुज्याकडं कोणत्या तोंडानं येऊ? एकदा खोटी ठरलेली. म्हणून त्या पोरीकडं गेले पयल्यांदा, मार्गेसर म्हैन्यात. तिनं दुसऱ्या दिशी बोलवून नळी दावली. म्हणली, आक्का, साय न्हाई, तुमी खऱ्याच उपाशी व्हत्या. मला रडू आलं बग तिच्यापुडं."

इतके महिने मी ज्याचा हेवा करत होतो, ते हे. माझ्या बहिणीने तिच्यावर विश्वास ठेवला आणि माझ्यावर ठेवला नाही, असं मी कालपासून धरून बसलो होतो. आणि आक्काने माझ्यावर इतका ठेवला होता की स्वतःवर ठेवायला उरला नव्हता. मी विचारलं, "कशासाठी धरले होतेस सोळा सोमवार?"

तिने सूप दोनदा झटकलं. सांगावं की नको, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तुज्या समोर ती पोरगी येऊन बसली, तवापासून तुजं तोंड पार उतरलं व्हतं. वयनी म्हणली, दिसभर दारातून बगत बसत्यात. म्हणलं, नागनाथाला साकडं घालावं. माज्या दिगूकडं माणसं येऊ दे. दुसरं मला काय येतंय?"

कोंबड्या तुरीत शिरत होत्या, तिने हाताने त्यांना हाकललं. मग माझ्याकडे बघून तिने अगदी मनापासून विचारलं, "बत्तीस न्हाई, पर तीस तर झाले. येत्यात का रे आता माणसं?"

"येतात," मी म्हणालो.

तिने ते लगेच खरं मानलं.